सवत आजारी पडते तेव्हा
हॉलमधल्या दीडशे लिटर समुद्राची तब्येत बिघडली आणि घरातले तिघेही डिटेक्टिव्ह झाले. गुन्हेगार सापडला तो भलत्याच ठिकाणी!

आमच्या घरात माझी एक सवत राहते. तीन फूट लांब, दीड फूट उंच, हॉलमध्ये टीव्हीशेजारची मोक्याची जागा अडवून बसलेली. नवरोबा ऑफिसमधून आले की बूट काढायच्या आधी तिच्याकडे बघतात. तिचा उजेड वेगळा, तिचा पंखा वेगळा, तिचं मीठसुद्धा वेगळं, आमच्या मिठापेक्षा कैक पटींनी महाग. ठाण्यातल्या आमच्या टू बीएचकेच्या लाइट बिलात तिचा वाटा किती, हा विषय काढायचा नाही असा आमचा अलिखित करार आहे.

सवत म्हणजे रीफ टँक. खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरल असलेली. गोल्डफिशच्या भांड्याशी तिची तुलना केलीत तर नवरा तुमच्याशी बोलणं सोडेल. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभं राहिल्यावर जे वेड काही मुलांच्या डोक्यात शिरतं, ते पुढे इंजिनीअरिंग, कॅम्पस इंटरव्ह्यू, लग्न असं सगळं पार करूनही टिकतं, याचा जिवंत पुरावा माझ्या घरात आहे.

टँकमध्ये दोन क्लाउनफिश, एक कोळंबी (खायची नाही, शोभेची, माशांच्या अंगावरची घाण साफ करणारी क्लीनर श्रिंप), काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या सात-आठ गोगलगायी आणि सॉफ्ट कोरल. म्हणजे बटणांच्या गुच्छासारखे झोआ, थाळीसारखे मश्रूम, मुठी उघडमीट करणारी झेनिया. आणि मधोमध या सगळ्यांचा राजा, लेदर कोरल. मोठ्या छत्रीसारखा, तपकिरी-पिवळसर, वर शेकडो बारीक पॉलिप्स वाऱ्यावर गवत डुलावं तसे डुलणारे.

या राजाची एक स्टोरी आहे. जानेवारी २०२० मध्ये दादरच्या एका काकांनी त्याचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा कापून आम्हाला दिला होता. हॉबीच्या भाषेत फ्रॅग. काका बँकेतून रिटायर झालेले, पण खाऱ्या पाण्यातून अजून रिटायर व्हायला तयार नाहीत. त्यांच्याकडचं मूळ कोरल चौदा वर्षांचं होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली तो दिवस आठवतोय? लोकल थांबल्या, वर्क फ्रॉम होमवाल्यांचे लॅपटॉप बंद पडले. काका तेव्हा नाशिकला भावाकडे. वीज परत आली, पण त्यांच्या टाकीचा पंप अडकला तो सुरूच झाला नाही. दोन दिवसांनी दार उघडलं तेव्हा घरभर वास. चौदा वर्षांचं कोरल गेलं. त्या वंशाचा एकुलता एक तुकडा उरला तो आमच्या हॉलमध्ये. चार वर्षांत तो नाण्याचा जेवणाच्या ताटाएवढा झाला होता.

२०२४ च्या एप्रिल अखेरीस एका शनिवारी त्याने छत्री मिटली.

घाबरलेला माणूस सगळी बटणं दाबतो

लेदर कोरल मिटतं, यात खरं तर काही विशेष नाही. हे आम्हाला नंतर कळलं. त्याला कात टाकायची सवय असते. पॉलिप्स आत घेतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, काही दिवस, कधी कधी दोन आठवडेसुद्धा तसंच बसतं आणि मग पाण्याच्या प्रवाहात तो पापुद्रा झटकून पुन्हा फुलतं. अंगावर साठलेलं शेवाळ नि घाण काढायची त्याची ही रीत. अशा वेळी करायचं काय? फार तर पॉवरहेडचा, म्हणजे टाकीतल्या प्रवाहाच्या पंपाचा झोत थोडा त्याच्याकडे वळवायचा आणि चहा प्यायचा.

नवऱ्याने चहा सोडून बाकी सगळं केलं. त्याच आठवड्यात लक्षद्वीपच्या बातम्या येत होत्या. समुद्र तापलाय, तिथली कोरल पांढरी पडतायत. एप्रिल २०२४ मध्येच अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरातलं चौथं मोठं कोरल ब्लीचिंग जाहीर केलं होतं. नवरोबांनी ताबडतोब निष्कर्ष काढला: उष्णता! टाकीवर कम्प्युटरचे दोन छोटे पंखे लावले. मग कोणीतरी म्हणालं उजेड कमी पडत असेल. एलईडी ४५ टक्क्यांवरून एका संध्याकाळी ७० टक्क्यांवर. दुसरा मित्र म्हणाला फॉस्फेट वाढलं असेल. फॉस्फेट शोषणाऱ्या गोळ्यांची पिशवी टाकली. तिसरा म्हणाला अल्कलिनिटी बघ. बघण्याऐवजी त्याने ती वाढवणारी पावडरच घालायला सुरुवात केली. शिवाय एक महागडं कोरल फूड. आणि या सगळ्यावर उतारा म्हणून आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचो ते चाळीस लिटर.

आठ दिवसांत पाच बदल. ऑफिसमध्ये प्रॉडक्शन सर्व्हरवर एका वेळी पाच बदल करणाऱ्या ज्युनिअरला हाच माणूस फाडून खातो.

लेदरने पापुद्रा टाकला, दोन दिवस अर्धवट फुललं आणि पुन्हा मिटलं. या वेळी कात-बित काही नाही. नुसतं आक्रसून बसलं. देठ वाकडा. कडा सुरकुतलेल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात कोळंबी गेली. मेच्या मध्यावर झेनिया अक्षरशः विरघळली, मेणबत्ती वितळावी तशी, आणि दोन रात्रींत तिचा मागमूस राहिला नाही. झोआंची बटणं बंद. गोगलगायी एकेक करून काचेवरून खाली पडायला लागल्या. पाण्यात हात घालून त्यांना सरळ करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला सवतीची दया यायला लागली.

हॉलमधला तो वास आठवून नवऱ्याने शेवटी काकांना फोन केला. इतके दिवस केला नव्हता, कारण लाज वाटत होती. त्यांचा शेवटचा तुकडा आपल्याकडे आणि आपण तो मारतोय, हे सांगायचं कसं?

मेलं कोण, जगलं कोण?

जूनच्या पहिल्या रविवारी काका स्लो लोकलने आले. खांद्याला शबनम, हातात पाच लिटरचा कॅन. कॅनमध्ये त्यांच्या स्वतःच्या टाकीचं पाणी. कोणाकडेही जाताना नेतात म्हणे, काय माहीत कधी लागेल.

आले आणि वीस मिनिटं नुसते बघत बसले. टाकीत बोटसुद्धा घातलं नाही. नवरा शेजारी उभा राहून आपण काय काय केलं ते भराभर सांगत होता. काकांनी हात वर केला.

"तू काय केलंस ते नंतर. आधी सांग, मेलं कोण आणि जगलं कोण?"

"कोळंबी मेली. कात टाकताना गेली बहुतेक. झेनिया गेली. पाच गोगलगायी."

"आणि मासे?"

"मासे मजेत आहेत काका."

"हं," काका म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. या 'हं'चा अर्थ मला तासाभराने कळला.

मग म्हणाले, "डायरी दाखव."

डायरी नव्हती. पाच वर्षांची टाकी आणि एका ओळीची नोंद नाही. काकांनी यावर जे तोंड केलं तसं माझ्या बाबांनी माझा दहावीचा गणिताचा पेपर बघून केलं होतं.

त्यानंतर सुरू झाली तपासणी. एकेक वस्तू. आणि गंमत म्हणजे प्रत्येक ठिकाणी काही ना काही सापडत गेलं.

पहिलं तापमान. काकांनी शबनममधून काचेचं साधं थर्मामीटर काढलं. २७ अंश. छान. "आणि हे बघ," त्यांनी लेदरकडे बोट दाखवलं, "रंग गेलाय का? नाही ना?" उष्णतेने कोरलचं काय होतं, हे त्यांनी मला समजावलं. कोरल हा प्राणी, पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. भाडेकरू उन्हावर अन्न शिजवतात आणि मालकाला त्याच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवतात. कोरलचा रंग बराचसा या भाडेकरूंचा. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभराने जरी जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तरी हे भाडेकरू बाहेर पडतात आणि पांढरा सांगाडा दिसायला लागतो. लक्षद्वीपला झालं ते हे, आणि तिथे ते १९९८, २०१० आणि २०१६ मध्येही झालं होतं. आमचं लेदर आक्रसलं होतं, पण तपकिरीच होतं. भाडेकरू घरातच होते. म्हणजे उष्णता सुटली.

दुसरं मीठ. नवऱ्याचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवत होता, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, समुद्रात असतात तेवढेच. काकांनी ३५ चं तयार द्रावण त्यात घातलं तर मीटर म्हणाला ३२! नवऱ्याने तो आजवर गोड्या पाण्यावर शून्य करून वापरला होता. गोड्या पाण्यावर शून्य बरोबर आलं तरी खाऱ्या पाण्यात तो चुकू शकतो, हे किती जणांना माहीत असतं? आमचं खरं पाणी ३८ वर होतं. उन्हाळा, त्यात ते दोन पंखे. पंख्याने पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे, आणि वाफेबरोबर मीठ जात नाही. दीडशे लिटरमधलं दहा लिटर पाणी उडालं तर ३५ चे साडेसदतीस होतात. चार दिवस गावाला जाऊन या, बघा.

तिसरं अल्कलिनिटी. समुद्रात ही साधारण ७ डीकेएच असते, टाकीत ७ ते १० चालते. आमची साडेबारा. दगडी सांगाडा बांधणारी कोरल ती भराभर संपवतात म्हणून त्यांच्यासाठी पावडर घालायची. आमच्यासारख्या सॉफ्ट कोरलवाल्यांकडे ती संपतच नाही, मग साठत जाणार नाही तर काय? "जे मोजत नाहीस ते घालायचं नाही," काका म्हणाले. नवऱ्याने मान खाली घातली.

चौथं फॉस्फेट. शून्य. मला वाटलं, चला, एक तरी चांगली बातमी. काकांनी कपाळाला हात लावला. अगदी शून्य म्हणजे उपासमार. कोरलला आणि त्याच्या भाडेकरूंना थोडं फॉस्फेट, थोडं नायट्रेट लागतंच. फार झालं तर शेवाळ माजतं, अजिबात नसलं तर कोरल फिकुटतं. चकाचक पाणी म्हणजे निरोगी पाणी, ही समजूत आपल्याकडे बिसलेरीच्या बाटलीमुळे झाली असेल का, असा एक प्रश्न मला पडला.

मग हॉलमधले दिवे घालवून, टाकीवर चादर टाकून, लाल टॉर्चने झोआंच्या मुळाशी शोध. झोआ खाणाऱ्या बारीक समुद्री गोगलगायी असतात, झोआच्याच रंगाच्या, त्या अंधारात निघतात. काही नाही. (जाता जाता एक सूचना, ही गमतीची नाही: काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. हाताला जखम असताना त्यांना हात लावायचा नाही, कापताना ग्लोव्ह्ज आणि चष्मा, आणि त्यांचा खडक उकळत्या पाण्यात घालून साफ करायचा तर विचारही करू नका. त्या वाफेने माणसं हॉस्पिटलात पोचली आहेत.)

"घरात फवारणी? पेस्ट कंट्रोल? डासांची मशीन?" काकांचे प्रश्न चालूच. हे आपल्याकडचं खास प्रकरण. झुरळं-डास मारणारी बरीचशी औषधं पाण्यातल्या कोळंबीवर्गाला भयंकर विषारी, आणि टाकीचा स्किमर खोलीतली हवा सतत पाण्यात घुसळत असतो. पण सोसायटीचं पेस्ट कंट्रोल जानेवारीत झालं होतं आणि डासांची मशीन फक्त बेडरूममध्ये, दार लावून.

दीड तास झाला. चार चुका सापडल्या होत्या, त्यातली प्रत्येक कोरलला त्रास देणारी. पण काकांचं समाधान झालेलं नव्हतं. "यातल्या एकाही गोष्टीने एवढ्या गोगलगायी पटापट पडायच्या नाहीत," ते म्हणाले. "आणि मासे असे टुणटुणीत राहून? वेगळंच काहीतरी आहे."

एक ग्लास पाणी

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, इतका वेळ स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्या ट्रेमधून पाणी घेऊन आल्या.

"घ्या हो, दमलात. आणि साधंसुधं नाही बरं का, तांब्याचं पाणी आहे. पाडव्याला नवीन फिल्टर घेतला ना, त्यातच तांबं असतं. वेगळं भांडं भरून ठेवायला नको."

काकांनी ग्लास ओठांपर्यंत नेला होता. तो तिथेच थांबला.

"वहिनी, या टाकीत रोज पाणी कुठलं घालता?"

"हेच की. शुद्ध."

काकांनी ग्लास खाली ठेवला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याचे भाडेकरू एका सेकंदात बाहेर पडले होते.

झालं होतं ते असं. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालावं लागतं आणि ते जितकं शुद्ध तितकं बरं. जाणकार लोक त्यासाठी आरओ-डीआय युनिट वापरतात, ज्यातून जवळपास शून्य टीडीएसचं पाणी येतं. आम्ही पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरत होतो. जुना फिल्टर साधा होता, त्याने चाललं. पण ९ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, घरात नवीन आला. हल्लीचे बरेच फिल्टर पाणी आधी गाळून शुद्ध करतात आणि मग चवीसाठी, आरोग्यासाठी त्यात परत काहीबाही मिसळतात. कशात खनिजं, कशात तांबं. माणसाच्या दृष्टीने ठीकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे, त्याच्या खूप खाली ते असतं.

कोरल, कोळंबी, गोगलगाय यांच्यासाठी मात्र तांबं हे विष. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला तांब्याचं औषध देतात ते याचसाठी, मासा त्यातून तरतो आणि बिनकण्याचे जीव मरतात. म्हणूनच ते औषध नेहमी वेगळ्या टाकीत द्यायचं, कोरलच्या टाकीत कधीच नाही.

काकांनी वहीच्या पानावर बँकेतल्या व्याजासारखा हिशेब मांडला. समजा फिल्टरच्या लिटरभर पाण्यात ०.२ मिलिग्रॅम तांबं. उन्हाळ्यात रोज अडीच लिटर भर घालतोय, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. पाडव्यापासून दोन महिने धरले तर ३० मिलिग्रॅम. ते दीडशे लिटरमध्ये. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. "औषधाचा बरोब्बर फुल डोस," काका म्हणाले. यातलं काही खडकांना आणि वाळूला चिकटत असणार, पण उडून कुठे जात नाही. वर घाबरून आम्ही पाणी दुप्पट बदलत होतो, तेही त्याच नळाचं.

दुसऱ्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन तांब्याचं टेस्ट किट आणलं. नळीतलं पाणी रंगलं. चार्टशी ताडून बघितलं तर ०.१५ च्या आसपास.

पण त्याआधी, त्या रविवारी संध्याकाळी आई जेवल्या नाहीत. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की दुपारी चारच्या चहानंतर टाकीत पाणी घालायचं काम त्यांचं. आवडीने करायच्या. सुरुवातीला 'कसला हा पसारा' म्हणणाऱ्या आई हल्ली माशांशी बोलायच्या. "मीच घालत होते ना रोज?" एवढंच म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही घातलंत," काका म्हणाले.

नवरा उठला, बेडरूममधल्या ड्रॉवरमधून टीडीएस मीटर घेऊन आला आणि आईंसमोर टेबलावर ठेवला. पेनाएवढी वस्तू, बॅटरीसुद्धा चालू. "आई, हे माझ्याकडे पाच वर्षं आहे. नवीन फिल्टर आला त्या दिवशी पाण्यात बुडवायला दहा सेकंद लागले असते." नवीन फिल्टरचं पाणी मोजलं. जुन्याचं पंधराच्या आसपास यायचं. याचं सत्तर. मीटरला तांबं वेगळं कळत नाही, पण काहीतरी बदललंय एवढं त्याने नक्की ओरडून सांगितलं असतं.

बॅकअप

त्या रात्री जायच्या आधी काकांनी आणखी एक काम केलं. ग्लोव्ह्ज घातले, नवीन ब्लेड घेतलं आणि लेदरच्या कडेचे दोन तुकडे कापले. माझ्या पोटात खड्डा पडला, आधीच आजारी, त्यात ऑपरेशन! पण सॉफ्ट कोरलला कापणं सोसतं. काकांनी तुकडे आपल्या कॅनमधल्या स्वच्छ पाण्यात धुतले आणि दोन डब्यांत घालून घेतले.

"आयटीवाला ना तू?" नवऱ्याला म्हणाले. "चार वर्षांत एक बॅकअप घेतला नाहीस."

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण हा छंद करावासा वाटणाऱ्यांना दुकानात कोणी सांगेलच असं नाही. कोरल मेलं तर दुसरं आणू, असा हा मामला नाही. दगडी सांगाडा बांधणारी सगळी कोरल, म्हणजे फोटोत दिसतात ती रंगीत झुडपं नि मेंदूसारखे गोळे, शिवाय सी फॅन, फायर कोरल, काळं कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल, हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वाघाच्या पंगतीला. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मालवणला स्नॉर्केलिंग करताना आठवण म्हणून तुकडा उचललात तरी तेच. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या कोरलच्या छोट्या वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यासाठी महापालिकेला वन विभागाची परवानगी काढावी लागली. आमच्या टाकीतला खडकसुद्धा म्हणून कृत्रिम आहे. कोणी 'ओरिजिनल' म्हणून काही कोपऱ्यात नेऊन दाखवायला लागला, तर तिथून निघा. छंदवाल्यांनी एकमेकांना आपल्याच टाकीतले तुकडे देणं, हा यातला सगळ्यात स्वच्छ मार्ग. आणि तसा तुकडा जपायचं ओझं आपसूकच वेगळं असतं.

उतरणीला घाई नाही

उपाय काय केले? सांगायला सोपे, करायला महाकंटाळवाणे.

पाणी आता काकांच्या ओळखीने घेतलेल्या छोट्या आरओ-डीआय युनिटचं, मीटरवर शून्य. आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर बदलायचं. फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं शोषून घेणारं रेझिन, ते रंग बदलायला लागलं की नवीन. खडक आपल्या पोटातलं तांबं हळूहळू परत सोडतात, त्यामुळे एकदा टेस्ट चांगली आली म्हणून थांबायचं नाही. मीठ ३८ वरून ३५ वर आणायला आठवडा घेतला. अल्कलिनिटीसाठी काहीच केलं नाही, पावडर बंद, पाणी बदलता बदलता ती आपोआप उतरली. फॉस्फेटच्या गोळ्या बाहेर. उजेड परत ४५ वर आणि पुढे वाढवायचाच असेल तर आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त नाही.

आणि डायरी! तारीख, तापमान, मीठ, काय घातलं, कोण उघडं, कोण मिटलेलं. काकांची अट होती की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान आठवडाभर पुढच्या गोष्टीला हात लावायचा नाही. नवऱ्यासाठी हे सगळ्यात कठीण. संध्याकाळी टाकीसमोर हात मागे बांधून उभा राहायचा, चाळीतल्या गणपतीसमोर उभं राहावं तसा. मी दोनदा त्याला पावडरच्या डब्याकडे जाताना पकडलं.

डायरी मात्र त्याने नाही, आईंनी लिहिली. दुपारी चारची नोंद त्यांची. 'आज छत्री अर्धी. गोगलगाय १ काचेवर वर चढली. डावा मासा चिडका.' वैज्ञानिक जर्नलमध्ये छापण्यासारखं नसेल, पण जूनअखेरीस झोआ आधी सकाळी उघडायला लागले आणि मग दिवसभर, हे आम्हाला त्या नोंदींवरूनच कळलं. आम्ही घरी यायचो तेव्हा दिवे जायची वेळ झालेली असायची.

जुलैमध्ये तांब्याची टेस्ट पहिल्यांदा बिनरंगी आली. लेदर अजून मिटलेलंच. एका बाजूची कड काळी पडून गळली, ती ब्लेडने कापून टाकली. नवरा म्हणाला, गेलं बहुतेक. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "देठ ताठ आहे ना? मग थांब." देठ ताठ होता.

टाकीत पाणी घालणं आईंनी सोडून दिलं होतं. भीतीच बसली होती. मग नवऱ्याने आरओ-डीआयच्या पाण्याचा वेगळा कॅन केला, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'माशांचं' असं लिहिलं आणि टीडीएस मीटर दोरीने त्याच्या गळ्यात बांधला. पहिले काही दिवस आई प्रत्येक ग्लासाला मीटर बुडवायच्या. शून्य, शून्य, शून्य. तांब्याचं पाणी त्या स्वतः अजून पितात. त्यांची तब्येत उत्तम आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. आई दिवसा ऑफिसमध्ये फोन करत नाहीत, म्हणून धडधडत बाहेर येऊन उचलला.

"अगं, घरी कधी येतेस?"

"का आई, काय झालं?"

"त्याने सगळे हात बाहेर काढलेत. दिवे जायच्या आत ये."

मी नवऱ्याला फोन लावला. त्याने काकांना. त्या संध्याकाळी काका दादरहून पुन्हा निघाले. या वेळी कॅनमध्ये त्यांनी कापून नेलेल्या दोन तुकड्यांपैकी एक होता, खडकाला घट्ट चिकटलेला, पॉलिप्स फुललेला, आता परत आम्हाला ठेवायला. दुसरा त्यांच्या टाकीत, जुन्या जागी. ठाण्याला पोचेपर्यंत साडेआठ वाजले, टाकीचे दिवे आठला जातात. नवऱ्याने टायमरचं बटण फिरवून ते परत लावले आणि काकांनी लगेच विचारलं, "हे डायरीत लिहिणार का?"